परदेशांतील बिऱ्हाड व इंटरनेटची जोडणी

परदेशीं नवें बिऱ्हाड थाटणाऱ्या कुटुंबास पहिल्या महिन्याभरांत ज्या बाबी ठरवाव्या लागतात, त्यांत घरभाडें, मुलांची शाळा व दिवाबत्ती यांच्या खालोखाल आज इंटरनेटच्या जोडणीचें स्थान आहे. घरभाड्याविषयीं चार अनुभवी माणसांचा सल्ला घेतला जातो. शाळेविषयीं तर रात्री जागून चर्चा होते. इंटरनेट मात्र बहुधा जाहिरात पाहून, अथवा शेजारच्या घरीं जें आहे तेंच, घेतलें जातें. मागाहून दोन वर्षें त्याचे पैसे भरतांना, किंवा पुण्याच्या अगर नागपूरच्या आईवडिलांशीं चाललेलें बोलणें मध्येंच तुटूं लागलें म्हणजे, आपण काय पत्करलें याचा उलगडा होतो. ही जोडणी केवळ तेथील बिऱ्हाडाची नसते. तिचें दुसरें टोंक येथें, आपल्या माजघरांत असतें. म्हणून तिच्याविषयींची माहिती परदेशीं जाणाऱ्या मुलामुलींप्रमाणेंच येथील वडील मंडळींसहि असावी, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

मुंबईचा विलायतेशीं समुद्राखालून तारेनें संबंध जुळला तो 1870 सालीं. 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य आगबोटीनें मुंबईपासून एडनकडे समुद्राच्या तळाशीं तार अंथरली. पुढें 1927 च्या जुलैंत इंग्लंडशीं बिनतारी संदेशांची सोय झाली. तिचें संदेश धाडण्याचें ठाणें पुण्याजवळ खडकीस व घेण्याचें दौंडास होतें. त्या काळीं शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस शब्द मोजून लिहीत असे. आज शब्दाला कांहीं पडत नाहीं. पडतें तें जोडणीला, महिन्याच्या महिन्याला, बोला अगर न बोला. या एका फरकानें सगळा हिशेबच पालटला आहे. पूर्वीं काटकसर करावयाची ती शब्दांची. आतां ती मुदतीची करावी लागते. पण जाहिरातींत गति मोठ्या अक्षरांत आणि मुदत बारीक अक्षरांत छापलेली असते, त्यामुळें पुष्कळांच्या ही गोष्ट ध्यानींच येत नाहीं.

प्रथम किंमतीचा विचार करूं. इंग्लंडांत महिन्याला पंचवीस ते पस्तीस पौंड, दुबईंत तीनशें दिरहम व त्यापुढें, अमेरिकेंत साठ-सत्तर डॉलर, असे आंकडे कानीं आले म्हणजे येथील माणूस मनांतल्या मनांत त्यांचे रुपये करतो व थक्क होतो. आपल्याकडे पांचशें-सातशें रुपयांत घरीं जोडणी मिळते. त्याच वस्तूला मुलगा लंडनांत तीन हजारांहून अधिक रुपये मोजतो हें ऐकून तो उधळ्या झाला असें वडिलांस वाटणें स्वाभाविक आहे. पण ही रीत दिशाभूल करणारी आहे. खर्च ज्या नाण्यांत होतो त्याच नाण्यांत मिळकतहि होत असते. इंग्लंडांत कायद्यानें ठरविलेलें प्रौढांचें किमान वेतन 2025 च्या एप्रिलपासून तासाला 12 पौंड 21 पेन्स झालें. म्हणजे तीस पौंडांची जोडणी ही तेथील सर्वांत कमी वेतनाच्या माणसाची सुमारें अडीच तासांची कमाई झाली. परदेशच्या खर्चाची तुलना करावयाची तर रुपयांपेक्षां तासांनीं करावी. मग पुष्कळ कौटुंबिक वाद आपोआप मिटतील.

एकाच वस्तूच्या दरांत देशादेशांत एवढा फरक कां पडतो, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे. घरापर्यंत येणारी तार कोणाच्या मालकीची, यावर तो बव्हंशीं अवलंबून असतो. सिंगापुरानें ही गोष्ट फार शहाणपणानें सोडविली आहे. तेथें घरोघर पोंचलेले काचतंतु नेटलिंक या एका निराळ्या संस्थेच्या ताब्यांत आहेत. ही संस्था स्वतः ग्राहकास इंटरनेट विकत नाहीं. ती सर्व विक्रेत्यांस एकाच, सरकारी देखरेखीखालील दरानें तंतु भाड्यानें देते, आणि तो दर घरामागें महिना तेरा-चौदा सिंगापूर डॉलरांच्या घरांत आहे. रस्ता एकाचा व गाड्या अनेकांच्या, अशी ही व्यवस्था असल्यामुळें विक्रेत्यांत चढाओढ लागते व ग्राहकाचें भलें होतें. इंग्लंडांत ब्रिटिश टेलिकॉमच्या ताब्यांतील तारांचा कारभार 2006 सालापासून ओपनरीच या वेगळ्या शाखेकडे आहे, व स्काय, टॉकटॉक, व्होडाफोन इत्यादि कंपन्या त्याच तारा भाड्यानें घेऊन आपापल्या नांवानें विकतात. तेव्हां दोन कंपन्यांच्या जाहिराती निराळ्या दिसल्या तरी भिंतीतून येणारी तार पुष्कळदां एकच असते, आणि तारेंत बिघाड झाल्यास दुरुस्तीला येणारा माणूसहि एकाच ठिकाणचा असतो. व्हर्जिन मीडियाची तार स्वतःची आहे. शिवाय लंडनसारख्या शहरांत हायपरऑप्टिक, कम्युनिटी फायबर अशा लहान कंपन्यांनीं इमारती-इमारतींतून स्वतःचे काचतंतु नेले आहेत, व जेथें ते आहेत तेथें सौदा बहुधा चांगला जमतो. अमेरिकेंत पुष्कळ वस्त्यांतून याच्या उलट स्थिति दिसते : रस्ताहि त्याचाच व गाडीहि त्याचीच, आणि पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर संपला कीं बिल गुपचूप वर चढतें. तेथील सरकारनें 2024 सालीं मोठ्या कंपन्यांस, खाद्यपदार्थांच्या डब्यावर घटक छापतात त्या धर्तीवर, सवलतीनंतरचा दर व यंत्राचें भाडें यांसुद्धां सर्व आकार दाखविणारें पत्रक ग्राहकापुढें ठेवणें भाग पाडलें, तें याच तक्रारींमुळें.

यावरून निघणारा व्यवहार असा कीं, इंटरनेटची निवड घर घेतल्यानंतर करावयाची नसून घर पाहतांनाच करावयाची असते. घरमालकास अथवा दलालास पाण्या-विजेबरोबर 'या इमारतींत तार कोणाची येते ?' हा प्रश्न विचारावा. ज्या घरीं दोन तारा येतात तेथील भाडें थोडें अधिक असलें तरी वाईट नाहीं.

आतां मुदतीकडे वळूं, कारण परदेशस्थाचें खरें नुकसान येथें होतें. इंग्लंडांत बहुतेक स्वस्त सौदे अठरा अगर चोवीस महिन्यांच्या कराराचे असतात. समजा, एका तरुण दांपत्यास कचेरीनें वर्षभराच्या कामासाठीं रेडिंगला धाडलें. चोवीस महिन्यांचा करार महिना 28 पौंडांस, आणि महिन्याच्या नोटिशीनें सोडतां येणारी तशीच जोडणी 34 पौंडांस मिळते आहे. सहा पौंड वांचविण्यासाठीं त्यांनीं पहिली पत्करली, व अकराव्या महिन्यांत परत बोलावणें आलें. उरलेल्या तेरा महिन्यांचे 364 पौंड होतात. कंपनी त्यांतून कांहीं सूट देते, तरी बराच भाग अंगावर पडतोच. महाग वाटलेली जोडणी घेतली असती तर अकरा महिन्यांत अवघे 66 पौंड जास्त गेले असते. व्हिसाची मुदत, नोकरीची मुदत व इंटरनेटची मुदत या तीन तारखा एका कागदावर ओळीनें लिहून पाहाव्या; तिसरी तारीख पहिल्या दोहोंच्या पलीकडे जात असेल तर तो सौदा स्वस्त नव्हे, मग त्याची जाहिरात कांहींहि म्हणो. जे कायमचे स्थायिक झाले, ज्यांनीं घर विकत घेतलें, त्यांनीं मात्र खुशाल लांब मुदत घ्यावी.

मुदतीच्या पोटांत आणखी एक कलम दडलेलें असतें, तें दरवाढीचें. इंग्लंडांत करार चालू असतांनाच दर एप्रिलमध्यें दर वाढतो. पूर्वीं ही वाढ महागाईच्या आंकड्याशीं जोडलेली असे, व वर आणखी कांहीं टक्के. 2023 सालीं महागाई भडकली, तेव्हां कित्येक ग्राहकांचें बिल एका झटक्यांत शेंकडा 14.4 नें वाढलें. त्यावर बरीच ओरड झाली. अखेर ऑफकॉम या तेथील नियामक संस्थेनें 17 जानेवारी 2025 नंतरच्या नव्या करारांत वाढ किती पौंड-पेन्सांची होईल तें आधींच स्पष्ट सांगितलें पाहिजे, असा नियम केला. वाढ त्यामुळें थांबली नाहीं. ती बहुधा महिना तीन-चार पौंडांची असते. पण निदान ती आधीं दिसते. 28 पौंडांचा दर पाहून हिशेब करणाऱ्यानें दुसऱ्या वर्षाचा 31 अथवा 32 चा आंकडाहि त्यांत धरावा.

नव्यानें आलेल्या माणसास दुसरी अडचण येते ती पत नसण्याची. मायदेशीं त्याचें घराणें कितीहि प्रतिष्ठित असो, तेथील सावकारी दप्तरांत त्याच्या नांवाचें पान कोरें असतें, आणि करार देण्यापूर्वीं कंपनी तें पान उघडून पाहते. अशा वेळीं नकार आल्यास अपमान मानण्याचें कारण नाहीं. महिन्याच्या बोलीची जोडणी, अथवा मोबाइलच्या लहरींवर चालणारें घरगुती यंत्र, हे दोन मार्ग बहुधा मोकळे असतात. पहिले कांहीं आठवडे मोबाइलवरच भागवून, घर व नोकरी स्थिरावल्यावर तार घेणें हेंच आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. एक गोष्ट मात्र इंग्लंडच्या बाजूनें सांगितली पाहिजे : तेथें ग्राहकास हक्क बरे आहेत. कबूल केलेली किमान गति मिळत नसेल, आणि तक्रारीनंतर तीस दिवसांत कंपनीनें ती सुधारली नाहीं, तर दंडाशिवाय करार सोडण्याची मुभा मोठ्या कंपन्यांनीं मान्य केलेली आहे. आणि सप्टेंबर 2024 पासून कंपनी बदलतांना जुन्या कंपनीशीं हुज्जत घालावी लागत नाहीं, नवी कंपनीच सर्व व्यवस्था पाहते.

जर्मनींतील कारभार त्या लोकांच्या स्वभावासारखाच नियमबद्ध आहे. पूर्वीं तेथें मुदत संपण्यापूर्वीं तीन महिने नोटीस दिली नाहीं तर करार आणखी एका वर्षासाठीं आपोआप लांबत असे, व परक्या माणसाची त्यांत फार कुचंबणा होई. 1 डिसेंबर 2021 पासून पहिली मुदत संपल्यावर महिन्याच्या नोटिशीनें केव्हांहि मोकळें होतां येतें. शिवाय प्रत्येक कंपनीनें बारा महिन्यांचा एक तरी करार ग्राहकापुढें ठेवलाच पाहिजे. दुकानदार तो आपण होऊन दाखवीत नाहीं, मागावा लागतो. गति कमी पडल्यास बिल कमी करून मागण्याचाहि हक्क आहे. पण त्यासाठीं सरकारी साधनानें तीन निरनिराळ्या दिवशीं मिळून तीस वेळां मोजणी करून दाखवावी लागते. एवढी चिकाटी असलेल्या माणसाशीं कोणतीहि कंपनी सहसा भांडणार नाहीं.

दुबईची गोष्ट सर्वस्वीं निराळी, आणि मराठी कुटुंबांच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. संयुक्त अरब अमिरातींत घरगुती तार विकणारे दोनच : 1976 सालीं निघालेली एतिसलात, आणि तिच्यानंतर तीस वर्षांनीं आलेली डू. दोहोंतहि सरकारचा मोठा भाग आहे. काचतंतु जवळजवळ प्रत्येक घरीं पोंचलेले आहेत व गति उत्तम आहे. उणीव आहे ती निवडीची. परंतु दराहूनहि मोठा प्रश्न बोलण्याचा आहे. इंटरनेटवरून होणारें संभाषण हा तेथें परवान्याचा विषय मानला जातो. त्यामुळें व्हॉट्सअ‍ॅपवरून लिखित मजकूर व छायाचित्रें जातात, पण त्यावरचें प्रत्यक्ष बोलणें वर्षानुवर्षें बंदच राहिलेलें आहे. येथील वृद्ध आईबापांस मात्र त्या एकाच साधनाची मोठ्या कष्टानें संवय झालेली असते! मुलगा दुबईस गेला आणि फोन लागेनासा झाला, कीं 'तो आम्हांस टाळतो' अशी शंका मनांत येते. असा समज कोणाच्या घरांत झाला असल्यास तो आधीं काढून टाकावा. दोष मुलाचा नसून तेथील नियमांचा आहे.

यावर उपाय म्हणून बोटिमसारखीं परवानगी मिळालेलीं साधनें आहेत. 2018 सालीं एतिसलातनें अशा बोलण्याची निराळी वर्गणी काढली. ती मोबाइलवर महिना 50 व घरच्या तारेवर 100 दिरहम अशी होती. म्हणजे इंटरनेटचे पैसे देऊन झाल्यावर त्यावरून आईशीं बोलण्याचे पैसे निराळे! 2020 च्या महामारींत झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स इत्यादि साधनांस मोकळीक मिळाली व परिस्थिति पुष्कळ सुधारली. येथील मंडळींनीं करावयाचें काम एवढेंच : मुलगा अगर मुलगी विमानांत बसण्यापूर्वीं, ती घरीं असतांनाच, परवानगीचें साधन वडिलांच्या फोनवर घालून दोन-चार वेळां वापरून पाहावें. एकदां माणूस दूर गेल्यावर 'येथें दाबा, तेथें दाबा' हें शिकवावयाचें तें कोणत्या साधनानें ?

कांहीं तरुण मंडळी या बंदीवर आडवाट काढतात व आपलें ठिकाण लपविणारी युक्ति वापरतात. याविषयीं स्पष्टपणें बोललें पाहिजे. गुन्हा करण्यासाठीं वा तो लपविण्यासाठीं अशी युक्ति वापरल्यास तेथील 2021 च्या कायद्यांत तुरुंगवास आणि पांच लाखांपासून वीस लाख दिरहमांपर्यंत दंड सांगितला आहे. कचेऱ्यांच्या कायदेशीर कामांत ती युक्ति सर्रास वापरली जाते हें खरें. पण ज्याचें राहणेंच परवान्यावर अवलंबून आहे त्यानें कायद्याच्या कडेकडेनें चालूं नये, व येथील वडिलांनींहि 'सगळेच करतात' असें म्हणून त्यास उत्तेजन देऊं नये.

गतीविषयीं थोडें. समोरासमोर चेहरा पाहून बोलण्यास, चांगलें चित्र हवें असेल तरी, सेकंदाला दीड-दोन मेगाबिट पुरतात; अत्यंत स्पष्ट चित्राचा चित्रपट पाहण्यास सुमारें पंधरा लागतात. घरांत चार माणसें एकाच वेळीं चार कामें करीत असलीं तरी शंभर मेगाबिटांत सर्वांचें सुखानें भागतें. हजारांची जोडणी ही चौघांच्या कुटुंबानें लग्नाच्या पंगतीचीं भांडीं विकत घेण्यासारखें आहे. पाहावयाचें तें निराळेंच : आपलें चित्र पलीकडे नेणारी गति किती आहे ? जुन्या तांब्याच्या तारांवर येणारी गति मोठी व जाणारी फारच थोडी असते. अशा घरून बोलणाऱ्याला आजी स्पष्ट दिसते, पण आजीला नातू तुटक-तुटक दिसतो. काचतंतु घरापर्यंत येत असेल तर हा दोष बहुधा राहत नाहीं. तोहि येऊन चित्र अडखळत असेल तर बहुधा घरांतील भिंतींचा अपराध असतो. यंत्र कपाटांतून काढून मोकळ्या जागीं ठेवावें, मग कंपनीस दूषण द्यावें.

घड्याळाचाहि येथें संबंध येतो. इंटरनेटवर गर्दी होते ती रात्रीं जेवणाच्या सुमारास. लंडनांत मुलें शाळेतून येऊन आजी-आजोबांशीं बोलावयास बसतात तेव्हां तेथें दुपारचे चार वाजलेले असतात व पुण्यांत रात्रीचे साडेआठ-साडेनऊ. म्हणजे गर्दीची वेळ त्यांची नव्हे, आपली असते. बोलणें तुटतें त्याचा दोष पुष्कळदां आपल्याच टोंकाला असतो. दुबई आपल्या फक्त दीड तास मागें, तेव्हां तेथें दोन्हीकडची गर्दी एकत्र येते. मुलानें तिकडे तीस पौंडांची जोडणी चाळीसची केली तरी, येथें वीज जातांच यंत्र बंद पडत असेल, तर त्या दहा पौंडांचा उपयोग शून्य. त्यापेक्षां येथील यंत्राला विजेचा लहानसा साठा जोडून द्यावा. तो हजार-दोन हजारांत होतो, व त्याचें पुण्य दोन्ही घरांस लागतें.

कधीं कधीं दोष ना इकडचा असतो ना तिकडचा. सप्टेंबर 2025 मध्यें तांबड्या समुद्रांत जेद्दाजवळ दोन तारा तुटल्या, तेव्हां भारतापासून अमिरातींपर्यंत सर्वत्र इंटरनेट मंदावलें. दीडशें वर्षांपूर्वींच्या तारेचीच ही वाट. एका अरुंद समुद्रांतून अजूनहि सारी वाहतूक दाटीनें जाते. अशा दिवसांसाठीं साधा फोन लावण्याचे थोडे पैसे शिल्लक असावे, आणि कोणत्या वारीं कोण फोन करील हें आधींच ठरलेलें असावें.

विद्यार्थ्यांच्या घरांविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. लीड्स अगर लेस्टरसारख्या गांवीं चार-पांच मुलें मिळून घर घेतात व इंटरनेटचा करार त्यांतील एकाच्या नांवें होतो. वर्षाअखेर बाकीचे आपापल्या मार्गानें जातात. करार ज्याच्या नांवें, त्याच्यामागें बिलें लागतात. आमच्याकडील एकत्र कुटुंबांत ज्याच्या नांवावर घर त्याच्यावरच सगळें ओझें पडतें, तशांतलाच हा प्रकार. ज्या भाड्यांत इंटरनेट समाविष्ट आहे तें घर विद्यार्थ्यानें शक्यतों घ्यावें; नाहींतर शैक्षणिक वर्षाएवढाच, नऊ अगर बारा महिन्यांचा, करार मागावा व वांटणी लेखी करून ठेवावी.

परत येतांनाची निरवानिरव हीहि खर्चाचीच बाब आहे. नोटीस लेखी द्यावी व तिची पोंच मागून घ्यावी. कंपनीचें यंत्र परत केलें नाहीं तर त्याची किंमत बिलांत चढते. म्हणून तें टपालानें पाठविल्याची पावती जपावी, आणि ती सामानाच्या पेटींत न ठेवतां हातच्या पिशवींत ठेवावी. शेवटचें बिल बहुधा माणूस भारतांत पोंचल्यावर येतें, तेव्हां तेथील बँकेचें खातें त्यानंतर एक-दोन महिने उघडें राहील अशी व्यवस्था निघण्यापूर्वींच करून ठेवावी.